किद्दुशचा पेला ते रिम्मोनीम: धर्मविधींच्या चांदीची निगा

चांदी घासली की झिजते. काळी पडलेली चांदी चकचकीत करताना निघून जाते ती नुसती घाण नसते. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइड तयार होतं आणि तोच तो काळा थर. म्हणजे दर घासणीला थोडी चांदी कापसावर जाते. किद्दुशच्या (वाइनवर म्हणायच्या प्रार्थनेच्या) पेल्याच्या कडेवर पणजोबांचं नाव हिब्रूत किंवा मराठीत कोरलेलं असेल, तर पन्नास वर्षं दर सणाला पावडर लावल्यावर ती अक्षरं बोटाला लागेनाशी होतात. गेलेली अक्षरं कुठलाही कारागीर जशीच्या तशी परत आणू शकत नाही. म्हणून इथे भर घासण्यावर कमी आहे आणि घासावं लागू नये यासाठी काय करायचं, यावर जास्त.

हे मार्गदर्शन अलिबाग-रेवदंड्यापासून ठाणे-मुंबई-पुण्यापर्यंतच्या बेने इस्रायल (मराठी ज्यू) घरांसाठी आहे, तसंच इस्रायलमध्ये लोद, अश्दोद, दिमोना इथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठीही. मात्र हवेचा फरक लक्षात ठेवा. दिमोनाच्या कोरड्या हवेत जो पेला वर्षभर पांढरा राहील, तोच ठाण्याला खाडीकाठच्या घरात पावसाळ्याच्या दोन महिन्यांत पिवळा पडू शकतो. खाडीच्या चिखलातून जो कुजकट वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. चांदी काळी करणारा वायू तोच.

आधी वस्तू नेमकी कशाची आहे ते पाहा

स्टर्लिंग म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी आणि उरलेले ७५ भाग बहुधा तांबं. वस्तूच्या तळाशी, कडेच्या आत किंवा दांड्यावर भिंगातून ठसा शोधा. ९२५ हा आकडा सरळ आहे. जुन्या इंग्रजी मालावर चालणाऱ्या सिंहाचा ठसा असतो, तोही स्टर्लिंगचाच. ८०० म्हणजे कमी कसाची जर्मन किंवा इतर युरोपीय चांदी, आणि जुन्या रशियन वस्तूवरचा ८४ म्हणजे हजारात ८७५. ‘ईपीएनएस’ अशी अक्षरं दिसली तर ती वस्तू निकेलच्या मिश्रधातूची असून तिच्यावर चांदीचा फक्त मुलामा आहे. जर्मन सिल्व्हरमध्ये तर चांदी अजिबात नसते. मुलाम्याची वस्तू जोरात घासली की कडांना पिवळट किंवा करडा धातू डोकावू लागतो, आणि पुन्हा मुलामा देण्याशिवाय त्यावर उपाय नाही.

ठसा पाहिल्यावर वस्तू उलटी करा आणि हलक्या हाताने ठोका. शब्बाथच्या (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ पाळायच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) मेणबत्त्यांचे स्टँड बरेचदा आतून पोकळ असतात आणि वजनासाठी त्यांत प्लॅस्टर, सिमेंट किंवा राळ भरलेली असते. आवाज भरीव, बसका येतो आणि तळाला कापड किंवा पत्रा चिकटवलेला असतो. असा स्टँड पाण्यात बुडवायचा नाही, उकळायचाही नाही. पाणी आत शिरलं तर प्लॅस्टर फुगून पातळ पत्रा शिवणीवर उकलतो. राळ असेल तर ती गरम पाण्याने मऊ होऊन वरचा दांडा एका बाजूला कलतो.

तिसरी गोष्ट म्हणजे सोनेरी भाग. किद्दुशच्या पेल्याला आतून सोन्याचा हात दिलेला असतो, कारण द्राक्षरसाचा आंबटपणा चांदीपेक्षा सोन्याला सोसतो. हा थर फार पातळ असतो. तिथे पॉलिश, चुना, पावडर काहीही लावू नका, फक्त साबणाचं पाणी वापरा.

रोजची निगा

किद्दुशला काळ्या मनुकांचं शरबत असो की वाइन, पेला रिकामा झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत तो धुतला गेला पाहिजे. शरबतातली साखर वाळून तळाशी चिकट कडं धरते. त्यातलं आम्ल स्टर्लिंगमधल्या तांब्यावर काम करत राहतं आणि सकाळी तिथे करडा डाग दिसतो. शुक्रवारी रात्री पेला धुण्याची सहसा अडचण नसते, कारण शनिवारी दुपारच्या किद्दुशला तोच लागणार असतो. पॉलिश मात्र शब्बाथला करायचंच नाही. ते काम गुरुवारी किंवा शुक्रवारी दुपारपर्यंत उरका.

धुण्याची रीत अशी. प्लॅस्टिकच्या टबात तळाला जुना पंचा अंथरा, म्हणजे पेला निसटला तरी पोचा पडणार नाही. एक लिटर कोमट पाण्यात अर्धा चमचा साधा, बिनलिंबाचा भांडी धुण्याचा द्रव साबण घाला. मऊ सुती फडक्याने धुवा, भरपूर पाण्याने विसळा आणि ताबडतोब पुसा. पाणी स्वतःहून वाळू दिलं की थेंबांचे गोल डाग राहतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन आणि क्षार असतात, म्हणून शेवटचं विसळणं गॅरेजवर मिळणाऱ्या बॅटरीच्या डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्याने केलं तर डागांचा प्रश्नच उरत नाही. या कामाला पाव लिटर पुरतं.

डिशवॉशरमध्ये चांदी घालू नका. तिथली पावडर तीव्र असते, पाणी फार गरम असतं, आणि स्टीलचा चमचा चांदीला टेकून राहिला तर दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होऊन काळे ठिपके उठतात.

मीठ हा चांदीचा सर्वांत मोठा शत्रू आहे, काळेपणापेक्षाही. काळा थर वरवर असतो, मीठ खोल जातं. हमोत्सीनंतर (भाकरीवरच्या प्रार्थनेनंतर) भाकर बुडवायला ठेवलेल्या चांदीच्या मिठाच्या वाटीत मीठ रात्रभर राहिलं, तर दमट हवेत ते पाझरतं आणि क्लोराइडमुळे हिरवट-काळे खड्डे पडतात. खड्डा पॉलिशने निघत नाही, कारण तिथला धातू गेलेला असतो. वाटीत काचेची छोटी वाटी बसवा आणि जेवण झालं की मीठ काढून टाका.

पेसाहच्या (वल्हांडण सणाच्या) सेदेरचं, म्हणजे त्या रात्रीच्या विधी-भोजनाचं, चांदीचं ताट तर मुद्दाम चांदी बिघडवायला बसल्यासारखं मांडलेलं असतं. मिठाचं पाणी आहे, उकडलेलं अंडं आहे आणि कडू मुळाही आहे. अंड्यात आणि मुळ्यात गंधक असतं. अंडं थेट चांदीवर ठेवलं तर हगादाह (सेदेरला वाचायची पोथी) वाचून होईपर्यंत त्याच्या आकाराचा तपकिरी गोल उमटतो. प्रत्येक जिन्नस काचेच्या वाटीत ठेवा आणि ताटाला नुसतं वाट्या धरायचं काम द्या.

सणाआधी हगाला, म्हणजे उकळत्या पाण्यातून कोशेर (धर्मनियमाने शुद्ध) करणं, ठरलं असेल तर हज्जानना (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना) आधी वस्तू दाखवा. आत भर घातलेल्या तळाची, डिंकाने जोडलेली, खडे बसवलेली वस्तू उकळत्या पाण्यात जाऊ नये. नवीन भांडं तेविलासाठी (विधीपूर्वक बुडवणीसाठी) समुद्रात बुडवणार असाल (समुद्र हा मान्य मिकवा, म्हणजे विधीस्नानाची जागा, आहे), तर किंमतीचं स्टिकर आणि त्याखालचा डिंक आधी पूर्ण काढा, नाहीतर पाणी सगळीकडे लागत नाही आणि तेविला अपुरं राहतं. बरोबर दोन बाटल्या गोडं पाणी न्या. भांडं समुद्रातून वर आलं की तिथेच किनाऱ्यावर धुऊन पुसा. घरी पोचेपर्यंत खारं पाणी अंगावर वाळू देऊ नका.

मेण आणि तेल

शब्बाथचे दिवे लावल्यावर स्टँड हलवायचा नसतो, त्यामुळे मेण उतरवण्याचं काम शब्बाथ संपल्यानंतर, रविवारी सकाळी करा. सुरी, स्क्रू-ड्रायव्हर, पिन यांतलं काहीही मेणबत्तीच्या खाचेत घालू नका. पॅराफिन मेण साधारण पन्नास ते पासष्ट अंशांना वितळतं, म्हणजे हेअर ड्रायरची गरम हवा पुरते. सहा-आठ इंचांवरून ड्रायर फिरवत राहा, मेण पारदर्शक झालं की सुती कापडाने टिपा. खाचेतलं मेण बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून काढा. शेवटी राहिलेला तेलकट थर साबणाच्या पाण्याने पुसा. आत भर घातलेल्या स्टँडवर ड्रायर एकाच जागी धरू नका, आतली राळ तापते.

मेणाचं गरम पाणी मोरीत ओतू नका. ते पाइपात गोठतं.

हन्नुकियात (हनुक्का सणाच्या दिव्यांच्या समईत) तेल वापरत असाल तर प्रत्येक दिव्यात काचेची कुपी घाला. आठ दिवस ज्योत चांदीच्या कडेला लागत राहिली की तिथे निळसर-जांभळा डाग पडतो आणि जळलेलं तेल पिवळ्या चिकटीसारखं बसतं. ती चिकटी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या ओल्या कापसाने सुटते, पावडरीने नाही. मेणबत्त्या लावायच्या असतील तर खाचेत काचेची किंवा पितळेची छोटी थाळी बसवा. वितळलेलं मेण तिच्यात साचतं.

काळं पडायला लागलं तर

चांदी एकदम काळी होत नाही. आधी फिकट पिवळी, मग तपकिरी, मग मोरपंखी निळी-जांभळी आणि शेवटी काळी होते. पिवळ्या टप्प्यावर हात घातला तर सिल्व्हर पॉलिशिंग कापडाचे चार हलके हात पुरतात. म्हणून महिन्यातून एकदा कपाट उघडून उजेडात पाहायची सवय लावा.

काळी झालीच असेल तर खालची रीत वापरा. लागेल ते आधी गोळा करा: प्रेसिपिटेटेड कॅल्शियम कार्बोनेट (प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं), डिमिनरलाइज्ड पाणी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, औषधी कापूस, कान साफ करायच्या काड्या, मऊ सुती फडकी आणि नायट्राइलचे हातमोजे. रबराचे म्हणजे लेटेक्सचे मोजे नकोत, त्यात गंधक असतं.

१. वस्तूचा चारही बाजूंनी फोटो काढा आणि कोरीव मजकूर कागदावर उतरवून घ्या.

२. साबणाच्या पाण्याने धुऊन किंवा पुसून धूळ काढा. धुळीचा एक कण पॉलिशखाली राहिला तर ओरखडा ओढतो.

३. दोन चमचे भुकटीत एक चमचा पाणी आणि तेवढंच अल्कोहोल घालून कालवा. श्रीखंडाइतकं घट्ट झालं पाहिजे. पातळ झालं तर भुकटी वाढवा.

४. तळाशी, कुणाला दिसणार नाही अशा जागी आधी करून पाहा. पाच मिनिटं थांबून ओरखडे उमटलेत का, सोनेरी किंवा पिवळा धातू वर येतोय का, ते बघा.

५. कापसाला थोडी पेस्ट लावून सरळ पुढे-मागे हात चालवा, गोल-गोल नको. गोल घासल्यावर पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतात. कापूस काळा झाला की लगेच बदला, नाहीतर काढलेला मळच परत घासला जातो.

६. कोरलेल्या अक्षरांच्या वरून कापूस नेऊ नका, बाजूने न्या. खाचेतला काळेपणा तसाच राहू द्या. त्यामुळेच लांबून नाव वाचता येतं, आणि कारागिराने तो बहुतेक वेळा मुद्दाम ठेवलेला असतो.

७. विसळा. बुडवता येत नसेल तर ओल्या कापसाने तीन-चार वेळा पुसा. नक्षीत अडकलेली पांढरी भुकटी अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या काडीने काढा. ती राहिली तर वाळल्यावर चुन्यासारखी दिसते आणि ओल धरते.

८. कोरडं करा, मग ड्रायरची थंड हवा पाच मिनिटं द्या.

सगळा काळेपणा गेल्यावरही काही जुन्या वस्तूंवर धुरकट जांभळे ढग दिसतात. घडवताना भट्टीत तांब्याचं ऑक्साइड पत्र्याच्या आत शिरल्याचे ते डाग आहेत. ते घासून निघत नाहीत, आणि त्यांच्यामागे लागाल तर पत्रा पातळ कराल.

आपल्या घरांतल्या चांदी उजळायच्या रीतींबद्दल स्पष्ट सांगायला हवं. रांगोळी दगडाची भुकटी असते, तिचे कण टोकदार असतात. शाळेचा खडू बहुधा जिप्समचा असतो आणि त्यातली खर चरे पाडते. टूथपेस्ट आणि दंतमंजन दातांच्या कठीण आवरणासाठी असतात, चांदी त्याहून कितीतरी मऊ आहे. चिंच, लिंबू आणि तांब्या-पितळेची भांडी उजळायच्या पावडरी आम्लाच्या जोरावर काम करतात. त्या स्टर्लिंगमधलं तांबं वरच्या थरातून खातात आणि रंग फिका, मेलेला होतो. रिठ्याचं पाणी धुण्यापुरतं चालतं, पण सोनाराकडचा पितळी तारेचा ब्रश त्याच्या जोडीला घेऊ नका.

ॲल्युमिनियम फॉइल आणि खाण्याच्या सोड्याची युक्ती खरोखर चालते. एक लिटर गरम पाणी, एक मोठा चमचा सोडा, तळाला फॉइल, आणि वस्तू फॉइलला टेकलेली हवी. गंधक चांदी सोडून ॲल्युमिनियमकडे जातं, म्हणून कुजक्या अंड्याचा वास येतो. तरीही ही रीत साध्या, भरीव, बिननक्षीच्या चमच्यापुरतीच ठेवा. ती खाचांतला काळेपणाही सरसकट काढते, पोकळ वस्तूत पाणी शिरतं, आणि उरलेला पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत झाल्याने पुढच्या वेळी लवकर काळवंडतो. बाटलीतले ‘बुडवा आणि काढा’ द्राव त्याहून कडक असतात. विधींच्या वस्तूंना ते नकोतच.

मेझुझा, याद, रिम्मोनीम, तीक

चांदीच्या मेझुझाला (दाराच्या चौकटीवर बसवायच्या पवित्र मजकुराच्या नळीला) हात लावण्याआधी आतला क्लाफ (मजकूर लिहिलेली चामड्याची गुंडाळी) बाहेर काढा. ही पायरी विसरली तर सगळं फुकट. चामड्यावरची शाई ओलाव्याने सुटते आणि एक अक्षर तुटलं तरी मेझुझा पासूल (विधीला अपात्र) होते. घरचा क्लाफ सात वर्षांत दोनदा तपासायचा असतो, तेव्हाच कव्हर साफ करा, म्हणजे दोन्ही कामं एका खेपेत होतात. क्लाफ गुंडाळी न उलगडता स्वच्छ कोरड्या पाकिटात ठेवा आणि कव्हर आतून पूर्ण वाळल्याशिवाय परत घालू नका. दरवाज्यावर पुन्हा बसवताना बेराखा (आशीर्वचन) म्हणायची की नाही, ते हज्जानना विचारा. किती वेळ काढून ठेवली होती त्यावर ते ठरतं.

याद, म्हणजे तोरा (ज्यूंचा धर्मग्रंथ) वाचताना ओळीवर फिरवायचा दर्शक, हाताच्या घामाने खराब होतो. घामात मीठ असतं आणि पकडायची जागा ठरलेली असते, त्यामुळे दांड्याच्या मधोमध काळपट पट्टा पडतो. वाचन झालं की कोरड्या कापडाने पुसणं एवढंच पुरे, मात्र शब्बाथला त्यावर कुठलंही पॉलिशिंग कापड नको. यादवर पॉलिश केल्यावर तो अल्कोहोलने दोनदा पुसून रात्रभर उघडा ठेवा. टोकाला भुकटीचा कण राहिला तर तो सेफेर तोराच्या (तोराच्या हस्तलिखित गुंडाळीच्या) चामड्यावर जाईल.

रिम्मोनीम, म्हणजे सेफेर तोराच्या लाकडी दांड्यांवर बसवायची घुंगरांची शिखरं, उतरवताना खालच्या नळीला धरा. घुंगरांच्या साखळीला किंवा वरच्या कमळाला धरून ओढू नका. मुंबई-पुण्याच्या सिनेगॉगांत हेच नुकसान सर्वांत जास्त दिसतं: एखादा घुंगरू नाही, त्याची कडी उघडलेली. कामाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरा, म्हणजे सुटलेली कडी दिसेल. डावा-उजवा ओळखायला सुती दोऱ्याची चिठ्ठी बांधा. रिम्मोनीम पाण्यात बुडवायचे नाहीत. घुंगरांतल्या गोळ्या लोखंडी असल्या तर गंजून आवाज बसतो, आणि नळीत गेलेलं पाणी पुढे लाकडी दांड्यात जातं.

भायखळ्याच्या मागेन डेव्हिडसारख्या बगदादी परंपरेच्या सिनेगॉगांत सेफेर तोरा उभ्या तीकमध्ये (कडक पेटीत) असते. लाकडी पेटीवर चांदीचा पत्रा खिळ्यांनी मारलेला असेल तर तिथे कुठलाही ओला पदार्थ नको. पत्र्यामागे ओल गेली की खिळे गंजतात, लाकूड फुगतं आणि पत्रा खिळ्यांच्या भोकांपाशी फाटतो. तीकवर काम हज्जानच्या परवानगीने आणि सेफेर बाहेर काढून सुरक्षित ठेवल्यावरच करा, तेही कोरड्या कापडाने.

ठेवायचं कसं

वर्तमानपत्र, रबर बँड, लोकर, मखमल, फेल्ट आणि स्वयंपाकघरातली चिकटणारी फिल्म चांदीपासून लांब ठेवा. रबराने तर पाकीट बाहेरूनही बांधू नका. त्यातलं गंधक कापडातून पार होऊन चांदीवर नेमकी पट्टी उठवतं. डांबर गोळ्या आणि कापूर त्याच कप्प्यात नकोत.

कोरं मांजरपाट दोनदा गरम पाण्याने धुऊन खळ काढा, उन्हात कडक वाळवा आणि त्यात प्रत्येक वस्तू वेगळी गुंडाळा. ती झिपच्या पॉलिथिन पिशवीत घाला, सोबत सिलिका जेलची पुडी आणि अँटी-टार्निश पट्टी ठेवा, हवा दाबून काढा. मे अखेरीस, पाऊस सुरू व्हायच्या आधी आणि कोरड्या दुपारी हे काम केलं तर पिशवीत ओल कोंडली जात नाही. पट्टी पाकिटावर दिलेल्या मुदतीला बदला. सिलिका जेलचा रंग पालटला की मंद आचेच्या ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वापरता येतं. ताटं एकावर एक रचणार असाल तर मध्ये कापड घाला.

सोनाराकडे देताना

मोडलेली कडी, सुटलेला दांडा, उकललेली शिवण घरी चिकटवू नका. डिंक किंवा इपॉक्सी लावलेली जागा नंतर झाळताना आधी खरवडून काढावी लागते आणि तेवढी चांदी जाते. कथलाची झाळ तर मुळीच नको. पुढे कुणी तिथे चांदीची झाळ द्यायला वस्तू तापवली की कथील चांदीत उतरतं आणि पत्र्याला भोकं पडतात.

केतेर (तोराचा मुकुट), रिम्मोनीम आणि तीक सेफेर तोराच्या सेवेतल्या वस्तू आहेत. त्या दुरुस्त करण्याजोग्या राहिल्या नाहीत तर मोडीत घालून वितळवू नका. गेनिझात (जीर्ण पवित्र वस्तू ठेवायच्या जागी) जाव्यात की आणखी काही, ते हज्जान सांगतील. तुटलेला एखादा घुंगरू किंवा कमळाची पाकळीसुद्धा कागदी पाकिटात नाव-तारीख घालून जपून ठेवा.

सोनाराच्या हाती देण्याआधी वस्तूचं वजन ग्रॅममध्ये त्याच्यासमोर करून पावतीवर लिहून घ्या, फोटोची एक प्रत द्या, आणि पावतीवरच तीन ओळी स्पष्ट लिहायला लावा: आम्लात उजळायची नाही, मशीनवर बफ मारायचा नाही, अक्षरांच्या जागी हात लावायचा नाही. परत घेताना वजन पुन्हा करा. फक्त एक कडी झाळली असेल, तर वजनात जाणवण्याइतकी घट यायचं कारण नाही.